पत्र आणि तत्त्वविचार : सेनेकाची पत्रे व रोहिडखोऱ्याचा पत्रव्यवहार

१

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात भोर व वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. त्यांपैकी वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने इ. स. २०२४ मध्ये केला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांची खोरी म्हणजेच जुन्या कागदपत्रांतील रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंडखोरे, गुंजण मावळ आणि कानद खोरे होत. या खोऱ्यांतील देशमुख-देशपांड्यांच्या घराण्यांनी आपल्या दप्तरांत जपून ठेवलेली पत्रे हे मराठ्यांच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरले आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी इ. स. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही पत्रे अभ्यासकांच्या हाती येऊ लागली.

या पत्रांचा विचार आजवर मुख्यतः पुराव्याच्या दृष्टीने झालेला आहे. पत्र खरे की बनावट, त्याची तिथी कोणती, त्यातील व्यक्ती कोण, हे प्रश्न इतिहासकाराने प्रथम विचारावयाचे असतात यात शंका नाही. परंतु पत्र हा एक वाङ्मयप्रकारही आहे आणि प्राचीन रोममध्ये तर तत्त्वज्ञानाची मांडणी करण्याचे ते एक मान्य साधन होते. वाङ्मयप्रकार म्हणून पत्राचे जे धर्म आहेत, ते ध्यानात न घेता पुराव्याचा प्रश्न नीट सुटत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी रोमन परंपरेचा आढावा आधी घेणे सोयीचे होईल.

२

पत्राच्या द्वारे तत्त्वज्ञान सांगण्याची चाल रोमनांनी ग्रीकांकडून घेतली. एपिक्युरसची हिरोडोटस, पायथोक्लीज व मेनोइसिअस यांस लिहिलेली तीन पत्रे डायोजेनीज लेअर्टिअस याच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात जतन झाली आहेत आणि त्या दर्शनाची आपली माहिती फार मोठ्या प्रमाणात त्यांवरच अवलंबून आहे. ही पत्रे म्हणजे एका व्यक्तीच्या नावे लिहिलेले सिद्धान्तांचे सार होय. पत्र हा संवादाचा अर्धा भाग आहे, असे मत ॲरिस्टॉटलच्या पत्रांचा संपादक आर्टेमॉन याने मांडले होते. डिमिट्रिअसच्या नावावर असलेल्या शैलीविषयक ग्रंथात ते नोंदविले असून, पत्र संवादापेक्षा थोडे अधिक घडविलेले असावे, अशी दुरुस्तीही तेथे सुचविली आहे. त्याच ग्रंथात पुढे असेही म्हटले आहे की, पत्र फार लांबले व भाषा फार भारदस्त झाली म्हणजे ते पत्र न राहता वर नमस्कार जोडलेला प्रबंध होतो.

रोममध्ये सिसेरोची पत्रे प्रसिद्ध आहेत. अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांचे सोळा भाग आणि इतर स्नेह्यांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे सोळा भाग आज उपलब्ध आहेत. ती खऱ्या अर्थाने खाजगी पत्रे होत. त्यांत राजकारण आहे, पैशाचे व्यवहार आहेत, आणि इ. स. पू. ४५ मध्ये कन्या टुलिया वारल्यानंतरचा शोक आहे. पेट्रार्कला यांपैकी अ‍ॅटिकसला लिहिलेली पत्रे इ. स. १३४५ मध्ये व्हेरोना येथे सापडली, तेव्हा आपल्या आदर्श पुरुषाची चंचलता पाहून तो खिन्न झाला. यावरून सिसेरोच्या पत्रांत तत्त्वज्ञ किती आणि गांजलेला गृहस्थ किती, हे ध्यानात येते. होरेसने आपली पद्यपत्रे लिहिली तेव्हा पत्र प्रथमच लॅटिन काव्याच्या द्वारे नीतिचिंतनाकडे वळले.

या दोन्ही धारा लुसिअस ॲनिअस सेनेका याच्या ठायी एकत्र आल्या. इ. स. ६२ मध्ये नीरोच्या दरबारातून अंग काढून घेतल्यानंतर, इ. स. ६५ मध्ये नीरोच्याच आज्ञेने प्राणत्याग करीपर्यंतच्या अल्प काळात त्याने ल्युसिलिअस या मित्रास उद्देशून नीतिपर पत्रे लिहिली. त्यांपैकी १२४ पत्रे वीस भागांत उपलब्ध आहेत. ऑलस जेलिअस याने बाविसाव्या भागातील उतारे दिले असल्यामुळे मूळ संग्रह याहून मोठा होता हे निश्चित आहे. ल्युसिलिअस हा त्या सुमारास सिसिली बेटात सरकारी अधिकारी होता. सेनेका त्याला कारभारातून निवृत्त होण्याचा उपदेश वारंवार करतो.

या पत्रांचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक विचार कोणत्या तरी लहान प्रसंगातून निघतो. सेनेका आपल्या शेतावरील घरी जातो, तेथे आपणच लावलेली झाडे जुनी झालेली पाहतो आणि वार्धक्याचा विचार सुरू होतो. सार्वजनिक स्नानगृहाच्या वर बिऱ्हाड केले असता खालचा गोंगाट कानी येतो आणि मनःशांती बाहेरून येते की आतून, हा प्रश्न उभा राहतो. दम्याचा झटका येऊन जातो आणि मृत्यूची ओळख आधीच झाली आहे असे वाटू लागते. अलेक्झांड्रियाहून टपालाची गलबते बंदरात येताच सारे नगर धक्क्याकडे धावते. आपल्या मिळकतीची पत्रे त्यांत असूनही तो मात्र सावकाश राहतो आणि त्या सावकाशीचा अर्थ शोधतो. तत्त्वज्ञान सभेत मोठ्याने सांगण्यापेक्षा हळू आवाजात, संभाषणाप्रमाणे सांगावे, कारण शब्द हे बीजासारखे असतात, असे त्याने एका पत्रात म्हटले आहे. मित्राचे पत्र आले की त्याचे चित्र पाहण्याहूनही अधिक सान्निध्य लाभते, हेही त्याने सांगितले आहे.

पत्राच्या ठरीव मायन्याचे सेनेकाने काय केले, ते विशेष पाहण्याजोगे आहे. रोमनांच्या जुन्या चालीप्रमाणे पत्राच्या आरंभी, आपण कुशल असाल तर उत्तम, मी कुशल आहे, अशा अर्थाचे वाक्य घालीत. पंधराव्या पत्रात सेनेका ही चाल सांगून लगेच म्हणतो की, आपण तत्त्वज्ञान आचरीत असाल तर उत्तम असे म्हणणेच योग्य, कारण तेच खरे कुशल होय. येथे पत्राचा निव्वळ औपचारिक भाग विचाराचा विषय झाला आहे.

३

मराठीतही मायन्यातून तत्त्वविचार उद्भवल्याचे एक उदाहरण आहे आणि ते सेनेकाच्या उदाहरणाहून अधिक मूलगामी आहे. चांगदेवाने ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले. परंतु वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, हे त्यास ठरविता येईना. अखेरीस त्याने कोराच कागद पाठविला, अशी परंपरा आहे. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या म्हणजे 'चांगदेव पासष्टी' होय. लिहिणारा कोण आणि ज्यास लिहावयाचे तो कोण, या शंकेमुळे मायना अडला. उत्तरात सांगितले आहे ते असे की, पाहणारा व पाहिले जाणारे हे मुळातच एक असल्यामुळे ही शंका उरतच नाही. पत्र दोघांत असावे लागते आणि येथे तर दोनपणाच नाकारलेले आहे. पत्रप्रकाराचा इतका तीव्र उपयोग रोमन वाङ्मयात आढळत नाही.

मराठी समाजात मायना ही हलकी गोष्ट कधीच नव्हती. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात पत्रलेखनाचे नियम आहेत. कोणास कोणत्या उपाधीने लिहावे, शिक्का कोठे करावा, मोर्तब कोठे करावे, यांवरून लिहिणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दर्जा ठरत असे. भोरच्या घाटमाथ्याखाली, वरंधा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या शिवथर घळीशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला आहे. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर संभाजी महाराजांस उपदेश म्हणून त्यांनी पाठविलेले पत्र ओवीबद्ध आहे. होरेसच्या पद्यपत्रांशी त्याची तुलना करावयाची झाल्यास हे अंतर मात्र लक्षात ठेवावे लागेल की, होरेस मित्रास लिहितो आणि रामदास राजास लिहितात.

४

आता रोहिडखोऱ्याकडे वळावयास हरकत नाही. येथील पत्रांत दर्शनांची नावे नाहीत. ती कारभाराची पत्रे आहेत. तथापि कारभाराच्या पत्रातही आचाराचे तत्त्व सांगितलेले असू शकते, आणि ते एका व्यक्तीला, एका प्रसंगी, कारणासह सांगितलेले असते. सेनेकाच्या पत्रांचेही लक्षण हेच आहे.

भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलासंबंधीचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा असलेल्या जुन्यांत जुन्या पत्रांपैकी एक आहे. गावचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याने पाटिलकी करीत असता बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटिलकी अमानत करण्यात आली. पुढे त्याच्याच गोतातील सोनजी गुजर याने त्यास सांभाळण्याची विनंती केली, तेव्हा त्यास पाटिलकी देण्यात आली. या पत्रात उपदेशाचा एकही शब्द नाही. परंतु वतन हा अंमलाचा अधिकार असला तरी गैरवर्तनाचा परवाना नव्हे, आणि शिक्षा झालेल्या माणसाचाही सांभाळ कोणीतरी केला पाहिजे, ही दोन तत्त्वे त्यातील घटनाक्रमातच आहेत. ती वाचणाऱ्याने काढून घ्यावयाची आहेत.

यापेक्षा अधिक स्पष्ट विवेचन मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस पाठविलेल्या पत्रात आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा वैरणीसह आधीच उधळला तर पुढे घोडी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरून धान्य व भाजीपाला ओढून आणतील, आणि कुणब्यांस मोगल बरे वाटू लागतील, अशी कारणपरंपरा त्यात पायरीपायरीने मांडली आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीस आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत लेखक उतरतो. लहान वस्तूवरून मोठ्या परिणामाकडे जाण्याची ही रीत सेनेकाची आहे, असे म्हणता येईल. भेद इतकाच की, सेनेकाला मित्राचे मन सुधारावयाचे आहे आणि येथे रयतेचे घर वाचवावयाचे आहे.

पण सेनेकाच्या पत्रांशी सर्वांत जवळचे नाते आहे ते महाराजांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात बंधू व्यंकोजीराजे यांस लिहिलेल्या पत्राचे. ग्रँट डफने इ. स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात त्याचा इंग्रजी अनुवाद दिला आहे. व्यंकोजी उदास झाले आहेत, शरीराची काळजी घेत नाहीत, सण-उत्सव करीत नाहीत, फौज रिकामी बसून आहे, अशी बातमी रघुनाथपंतांकडून आल्यावर हे पत्र लिहिले गेले. वडिलांनी कोणकोणत्या संकटांतून वाट काढली ते आठवावे, माणसे रिकामी ठेवू नयेत, कर्तृत्वाचे दिवस हेच आहेत, वैराग्य उतारवयात करावे, असा त्याचा आशय आहे. प्रकार तोच आहे. एक वडीलधारा माणूस दूरच्या स्नेह्याच्या मनाची अवस्था ओळखून त्यास सावरू पाहतो आहे. उपदेश मात्र उलट दिशेचा आहे. सेनेका ल्युसिलिअसला कारभार सोडावयास सांगतो, तर महाराज व्यंकोजींस कारभार हाती घ्यावयास सांगतात. सेनेका स्वतः निवृत्त होऊन लिहीत होता आणि महाराज अखेरपर्यंत कारभारात होते, हे या भेदाचे एक कारण होय. पत्र लिहिणाऱ्याची परिस्थिती उपदेशात उतरते. प्रबंधात ती झाकता येते, पत्रात येत नाही.

५

आता सर्वांत कठीण उदाहरणाचा विचार केला पाहिजे. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांस शिवाजी महाराजांनी इ. स. १६४५ मध्ये लिहिले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र सर्वपरिचित आहे. आदिलशाही अधिकाऱ्यांकडून धमकीचा हुकूम आल्यामुळे दादाजींचे वडील घाबरले आहेत. त्यांस धीर देण्यासाठी हे पत्र आहे. आपण शहाशी बेइमानी करीत नाही, खोऱ्यातील पठारावरच्या स्वयंभू देवाने आपणांस यश दिले आहे, हिंदवी स्वराज्याचा मनोरथ तोच पुरविणार आहे, आणि देवापाशी झालेले इमान कायम आहे, असा त्याचा मथितार्थ होय. पत्रात देवाचे नाव रोहिरेश्वर असे येते. रायरेश्वराच्या शपथेची लोकपरंपरा याच पत्राशी जोडली गेली आहे.

या पत्राच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भाषा, शब्दयोजना व काळ या तिन्ही अंगांनी शंका घेण्यात आल्या आहेत, आणि दुसऱ्या बाजूने समर्थनही झाले आहे. महाराज त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. या वयात स्वराज्याची संकल्पना इतकी स्पष्ट होती की नाही, हा प्रश्न या एका कागदाशी बांधला गेल्यामुळे वादास धार आलेली आहे.

रोमन पत्रवाङ्मयातील दोन प्रश्न येथे उद्बोधक ठरतील. पहिला प्रश्न सेनेकाच्याच पत्रांविषयी आहे. ती खरोखर पाठविलेली पत्रे होती काय? ऋतू, प्रवास, गावे यांचे उल्लेख वास्तव वाटतात. परंतु ल्युसिलिअसचे एकही उत्तर उपलब्ध नाही, खाजगी व्यवहाराचा मजकूर नाममात्र आहे, आणि एका अधिकाऱ्यास पाठविलेल्या पत्रांपेक्षा क्रमाने वाढत जाणाऱ्या पाठांसारखी त्यांची रचना आहे. सेनेका स्वतःच एका पत्रात ल्युसिलिअसला कीर्तीचे आश्वासन देतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांचा वाचक त्याच्या डोळ्यांपुढे होता. फ्रान्सिस बेकनने तर ती पत्रे म्हणजे निबंधच होत, असे मत दिले. तरीही सेनेकाचे विचार म्हणून त्यांचे प्रामाण्य कोणी नाकारीत नाही. पाठविले गेले नसले तरी पत्र त्याचेच आहे.

दुसरा प्रश्न सेनेका व संत पॉल यांच्यातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या चौदा पत्रांचा आहे. इ. स. ३९२ च्या सुमारास जेरोमने त्यांचा उल्लेख केला. मध्ययुगात ती खरी मानली जात. प्रबोधनकाळातील टीकाकारांनी त्यांची भाषा व मजकूर तपासून ती बनावट ठरविली आणि आज ती चौथ्या शतकातील रचना समजली जातात. या पत्रांवरून सेनेका किंवा पॉल यांच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. चौथ्या शतकातील ख्रिस्ती वाचकांस रोमन तत्त्वज्ञ आपल्या बाजूचा असावा असे वाटत होते, एवढे मात्र निश्चितपणे सिद्ध होते.

या दोन उदाहरणांवरून पत्राचे दोन प्रकारचे सत्य वेगळे करता येते. एक, ते अमक्याने अमक्यास अमक्या दिवशी लिहिले हे सत्य. दुसरे, त्यात मांडलेला विचार त्या काळी कोणीतरी, कोणाच्या तरी नावाने, मांडण्याजोगा मानला हे सत्य. सेनेकाच्या पत्रांत पहिले सत्य संदिग्ध असून विचार लेखकाचाच आहे. पॉलच्या पत्रांत पहिले सत्य खोटे असून दुसरे सत्य उत्तरकालाचे आहे. रोहिडखोऱ्याच्या पत्राविषयी जो वाद आहे तो वस्तुतः पहिल्या सत्याचा आहे. परंतु दोन्ही पक्षांकडून त्यावर दुसऱ्या सत्याचा भार टाकला जातो. पत्र खरे ठरले नाही तर स्वराज्याची कल्पनाच डळमळेल असे एकास वाटते, आणि कल्पना इतकी भव्य आहे म्हणून पत्र बनावट असलेच पाहिजे असे दुसऱ्यास वाटते. हे दोन्ही निष्कर्ष तर्कशुद्ध नाहीत. महाराजांच्या राज्यकल्पनेचा पुरावा रांझ्याच्या व चिपळूणच्या पत्रांत, मुद्रेत आणि पुढील तीस वर्षांच्या कारभारात स्वतंत्रपणे आहे. तो एका कागदावर उभा नाही.

६

या विवेचनात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तत्त्वपर पत्र बहुधा ज्याच्या नावे लिहिलेले असते त्याच्यापुरते नसते. सेनेकाने मुलाच्या मृत्यूने शोक करणाऱ्या मारुलस यास लिहिलेले पत्र ल्युसिलिअसला वाचावयास पाठविले आहे, आणि त्या दोघांच्या मागे उभा असलेला वाचक आपण आहोत. दादाजी नरस प्रभू यांच्या पत्राची रचनाही अशीच आहे. पत्र पुत्रास लिहिलेले आहे, परंतु धीर द्यावयाचा आहे तो पित्यास. घरात पत्र वाचले जावे, ऐकले जावे, पुन्हा वाचले जावे, ही अपेक्षा त्यात गृहीत आहे. मावळातील दप्तरांत पत्रे टिकली ती याच कारणाने. वतनाच्या तंट्यात ती पंचांपुढे मांडावयाची असत. पत्र हा पुरावा होता म्हणून ते जपले गेले, आणि पुरावा होता म्हणूनच ते रचण्याचा मोहही होता. कान्होजी जेधे यांच्या कारी येथील घराण्याचा करीना, आदिलशाही फर्माने व अन्य कागद वाचतानाही हे विसरून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा तिसरा वाचक उघडपणे समोर आला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी इ. स. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आपली पत्रे लिहिली, तेव्हा ज्याच्या नावे पत्र त्याचे प्रयोजन जवळजवळ नाममात्र उरले आणि सारा समाज पत्राचा मालक झाला. पत्रातून सामाजिक तत्त्वविचार मांडण्याची मराठीतील ही सर्वांत मोठी यशस्वी खटपट होय.

भोर व वेल्ह्याच्या खोऱ्यांतील पत्रांकडे पाहताना संशोधकाने प्रथम कागद, अक्षर, शिक्का व भाषा तपासावी, आणि त्या तपासणीत भक्तीस अथवा संशयास स्थान देऊ नये. त्यानंतर पत्र कोणास, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या समोर वाचले जाण्यासाठी लिहिले आहे, याचा शोध घ्यावा. पहिल्या कामाने साधन शुद्ध होते आणि दुसऱ्या कामाने त्यातील माणसे बोलू लागतात. दादाजींचे पत्र १६४५ चे ठरो अथवा नंतरचे ठरो, घाबरलेल्या एका वृद्धास धीर देण्यासाठी त्या खोऱ्यात कोणते शब्द योग्य वाटले, हे त्यातून कळतेच. ते शब्द कोणत्या काळाचे, एवढेच ठरवावयाचे उरते, आणि ते काम पुराव्याने करावयाचे आहे.